उचल फिटेपर्यंत पैसे त्यांचेच

प्रश्न : हर्णैहून लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ, वय २६, बोटीवर खलाशी आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, बोट शाकारून ठेवलेली, त्यामुळे तो घरीच असतो आणि रात्री दोनपर्यंत मोबाइलवर ऑनलाइन कॅसिनो खेळतो, दर डावाला ५० रुपये लावून. पुढच्या हंगामाची उचल मालकाकडून मिळाली, त्यातले १०,००० रुपये त्याने तिथे भरले. म्हणतो, "ताई, त्यांनी वर १०,००० बोनस दिलाय. आपण त्यांच्याच पैशाने खेळतोय, आपलं काय जातं?" आज खात्यात ३१,४०० रुपये दिसतात, पण काढायला गेलं की 'टर्नओव्हर ६२ टक्के पूर्ण' एवढंच येतं. आता टेलिग्रामवरचा एजंट म्हणतो, ६,२८० रुपये टॅक्स भरा, लगेच पैसे सोडतो. त्याला आलेल्या सगळ्या ऑफरचे स्क्रीनशॉट सोबत पाठवते आहे. हे बोनस खरे असतात का? टॅक्स भरावा का? मासळीचा हिशोब मी रोज तोंडी करते, पण यातलं काही कळत नाही.

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते आजच लागणार आहे. ते ६,२८० रुपये भरू नका. भावाला भरू देऊ नका आणि त्याच्यासाठी कुणाकडून उसनेही आणू नका. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे ३० टक्के कर लागतो आणि तो देणाऱ्याने रकमेतूनच कापून घ्यायचा असतो. जिंकणाऱ्याने आधी वेगळे पैसे भरायचे, तेही एजंटच्या यूपीआयवर, अशी पद्धतच नाही. ६,२८० म्हणजे ३१,४०० चे बरोबर २० टक्के. त्यात भावाने स्वतः भरलेल्या पैशांवर आणि बोनसवरही 'टॅक्स' लावलाय. कर मोजणारा असा हिशोब करत नाही. हे भरलेत की पुढचा निरोप 'व्हेरिफिकेशन फी'चा येतो, त्याच्यापुढचा 'खातं अपग्रेड'चा. जोवर तुम्ही भरत राहता तोवर कारणं संपत नाहीत.

आता बोनस. तुमच्या भावाला कुणी पटकन समजावू शकेल तर ते तुम्हीच, कारण तुमच्या घरात उचल म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. मालक हंगामाआधी पैसे हातात देतो, पण ते बक्षीस नसतं. हंगामभर बोटीवर काम करून ते फेडायचे असतात. कॅसिनोचा बोनस अशीच उचल आहे. फरक एवढाच की मालकाच्या उचलीतून घरात तांदूळ येतो, कौलं बदलता येतात, आणि ही उचल मात्र फिटेपर्यंत त्यांच्याच दारात राहते. फेडायची कशी, तर त्यांच्याकडेच पैसे लावून. याला ते 'टर्नओव्हर' म्हणतात, कुठे 'वेजरिंग', कुठे 'रोलओव्हर'. तिन्हीचा अर्थ एकच : एवढ्या रुपयांच्या पैजा लावून झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या पहिल्या स्क्रीनशॉटवर मोठ्या अक्षरांत '१०० टक्के वेलकम बोनस, १०,००० पर्यंत' आहे. खाली बारीक अक्षरांत '३५ गुणा (जमा + बोनस)' आहे. सगळी गोम त्या कंसात आहे. ३५ गुणा फक्त बोनसवर असते तर १०,००० गुणिले ३५, म्हणजे साडेतीन लाखांच्या पैजा झाल्या असत्या. इथे जमा आणि बोनस दोन्ही धरलेत, म्हणून २०,००० गुणिले ३५, म्हणजे सात लाख. दहा हजार भरणाऱ्या खलाशाला सात लाखांच्या पैजा लावायला सांगितलंय.

सात लाख खिशातून द्यायचे नसतात हे खरं. तेच पैसे लावायचे, थोडे जायचे, थोडे परत यायचे, पुन्हा लावायचे. पण दर फेरीत कॅसिनोचा वाटा कापला जातो. पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक नाल काढतो, तसाच, फक्त इथे तो खेळाच्या गणितातच बसवलेला असतो. स्लॉट मशीनवर (बटण दाबलं की चित्रं फिरतात तो खेळ, एका फिरण्याला 'स्पिन' म्हणतात) 'आरटीपी ९६ टक्के' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले सरासरी ९६ परत येतात आणि ४ कॅसिनोकडे राहतात. सात लाखांवर ४ टक्के म्हणजे २८,०००. आणि हातात होते किती? स्वतःचे दहा आणि बोनसचे दहा, मिळून वीस. म्हणजे सरासरीने पाहिलं तर उचल फिटायच्या आधीच खातं रिकामं.

सरासरी म्हणजे प्रत्येकाचं असंच होतं असं मात्र नाही. बहुतेकांचे पैसे वाटेतच संपतात आणि थोडे जण चांगल्या आकड्यावर पोहोचतात. त्या थोड्यांचेच स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात.

कुठलाही बोनस तपासायचं एक साधं गणित देतो. अट किती गुणा, म्हणजे किती पट आहे ते पाहा आणि त्या आकड्याचा कॅसिनोच्या वाट्याशी गुणाकार करा. ४ टक्के वाटा आणि फक्त बोनसवर २५ गुणा असेल तर १०,००० च्या बोनसवर सरासरी १०,०००च जातात, म्हणजे बोनस शून्य किमतीचा. २५ च्या वर गेलं की बोनसपेक्षा जास्त पैसे जातात. जमा आणि बोनस सारखे असून दोन्हींवर गुणा असेल तर ही सीमा साडेबारावर येते. ब्रिटनच्या जुगार नियामकाने जानेवारी २०२६ पासून तिथल्या परवानाधारक कंपन्यांना १० गुणापेक्षा जास्त अट घालायला मनाई केली आहे. तुमच्या भावासमोर ३५ आहे, तेही जमेसकट.

दुसरा स्क्रीनशॉट नियमांचा आहे. भावाने तो वाचलेला दिसत नाही, आणि नेमका तोच सगळ्यांत कामाचा आहे. त्यात 'गेम काँट्रिब्यूशन' म्हणून तक्ता दिलाय : स्लॉट १०० टक्के, रूलेट (फिरत्या चाकावरच्या आकड्यावर किंवा रंगावर पैसे लावायचा खेळ) १० टक्के. रूलेटवर १०० रुपये लावले तर टर्नओव्हरमध्ये १०च धरले जाणार. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि कॅसिनोचा वाटा २.७० टक्के, स्लॉटपेक्षा कमी. म्हणून थोडं जाणकार असलेले लोक तिकडे वळतात. पण १० टक्क्यांच्या नियमाने सात लाख भरायला रूलेटवर सत्तर लाख लावावे लागतील, आणि त्यावर २.७० टक्के म्हणजे १,८९,०००. कमी वाट्याच्या खेळात उचल फेडता येऊ नये, म्हणूनच तो तक्ता असतो.

त्याच पानावर मुदत सात दिवस आणि एका स्पिनला कमाल ४०० रुपये असं आहे. भाऊ ५० रुपयांचे स्पिन खेळतो असं तुम्ही लिहिलंय. सात लाख भागिले पन्नास, १४,००० स्पिन. मिनिटाला दहा धरले तरी २३ तास २० मिनिटं. सात दिवसांत बसवायचे तर रोज ३ तास २० मिनिटं, एकही दिवस खाडा न करता. तो रात्री दोनपर्यंत का जागतो, याचं उत्तर इथे आहे, ताई. त्याला खेळ सुटत नाही हे आहेच, पण घड्याळही त्यांनी लावून दिलंय. आणि लवकर संपवावं म्हणून एखादा स्पिन ५०० चा लावला, तर कमाल पैजेचा नियम मोडला म्हणून सगळी जिंकलेली रक्कम रद्द करता येते. रूलेटवर लाल आणि काळा दोन्हींवर एकदम लावून टर्नओव्हर भरायचा प्रयत्न केला तरी तेच होतं. पैज लावताना बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही. पैसे काढायला गेल्यावर जुनी नोंद काढून दाखवतात.

आता त्या ३१,४०० कडे पाहू. नियमांत 'बोनसची रक्कम काढता येणार नाही' असं आहे. याला स्टिकी बोनस म्हणतात. तो फक्त खेळायला असतो, पैसे काढताना वजा होतो. म्हणजे आजच ३१,४०० मधले १०,००० भावाचे नाहीत, राहिले २१,४००. टर्नओव्हरचे ६२ टक्के झाले म्हणजे ४,३४,००० लावून झाले, २,६६,००० बाकी आहेत. त्यावर सरासरी ४ टक्के, १०,६४०. वजा केले तर उरतात १०,७६०. जवळजवळ जेवढे भरले तेवढेच, आणि तेही नशिबाने आतापर्यंत चांगली साथ दिली म्हणून. कारण ४,३४,००० लावून झाल्यावर सरासरी माणसाच्या खात्यात २,६४० उरले असते. हा हिशोब कागदावर मांडून त्याला दाखवा. ३१,४०० डोळ्यांसमोर असताना 'जुगार वाईट' हे वाक्य त्याच्या कानात शिरणार नाही, पण वजाबाकी शिरेल.

आणि हे सगळं साइट खरी आहे असं धरून. टॅक्सच्या नावाने एजंट पैसे मागतोय म्हटल्यावर तो ३१,४०० चा आकडा त्यांनी नुसता पडद्यावर मांडलेला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून उरलेला टर्नओव्हर पूर्ण करायच्या फंदात त्याने पडू नये. खात्यात 'बोनस रद्द करा' असा पर्याय असेल तर तो दाबून फक्त रोख शिलकीची विथड्रॉअल मागावी, एकदाच. आली तर आली. नाही आली तर तो नकारही स्क्रीनशॉट काढून ठेवण्यासारखा पुरावा आहे.

बाकीच्या ऑफर एवढ्या वेळखाऊ नाहीत. '५०० रुपये फ्री, डिपॉझिट नको' यात ५० गुणा आहे, म्हणजे २५,००० च्या पैजा, सरासरी १,००० चं नुकसान, हातात मात्र ५००. त्यातूनही कुणी पार पडला तर कमाल १,५०० काढता येतील आणि काढण्याआधी एकदा डिपॉझिट करावं लागेल. हा बोनस मोबाइल नंबर, आधार आणि पॅनचा फोटो मिळवण्यासाठी असतो. '५० फ्री स्पिन' प्रत्येकी १० रुपयांचे आहेत, सरासरी ४८० रुपये येतील, पण रोख नव्हे, बोनस म्हणून. त्यावर ४० गुणा म्हणजे १९,२०० लावायचे, त्यातले ७६८ जातील. शुक्रवारचा 'रीलोड', म्हणजे पुन्हा पैसे भरल्यावर मिळणारा बोनस, हा वेलकमचाच धाकटा भाऊ, टक्के अर्धे आणि अटी त्याच.

व्हीआयपी पॉइंटचं एक उदाहरण पुरे : दर १,००० च्या पैजेला एक पॉइंट आणि १०० पॉइंटला १०० रुपये. शंभर रुपये मिळवायला लाख रुपये लावायचे, म्हणजे सरासरी ४,००० घालवायचे.

कॅशबॅकबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्या बोनसमध्ये हाच कागदावर सर्वांत सरळ असतो आणि माणसाला सर्वांत जास्त ओढतो. आठवड्यात निव्वळ ५,००० हरलात तर १० टक्के, ५०० परत. रोख मिळाले आणि त्यावर टर्नओव्हर नसेल तर कॅसिनोचा वाटा ४ वरून साधारण ३.६ वर येतो, एवढाच त्याचा खरा फायदा. तो मिळतो कुणाला? जो हरलाय त्यालाच. मिळतो केव्हा? भावाच्या स्क्रीनशॉटवर सोमवारी सकाळी, म्हणजे शनिवार-रविवारची हार खाऊन माणूस 'आता बंद' असं ठरवतो त्या वेळी. गेलेले भरून काढायची इच्छा तेव्हा सर्वांत ताजी असते आणि खात्यात अचानक ५०० दिसतात. ते ५०० वापरून कुणी उठत नाही. सोमवारी सकाळी त्याच्या शेजारी कुणीतरी असावं, एवढं बघा.

रेफरल बोनसबद्दल वेगळी भीती आहे. 'मित्राला जोडा, १,००० मिळवा' असा मेसेज त्याने बोटीवरच्या पोरांच्या ग्रुपवर टाकला असेल तर आजच काढून टाकायला सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशांच्या व्यवहाराला मदत करणाराही यात येतो. या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे तक्रार करायला भावाने घाबरू नये. पण दुसऱ्यांना ओढणं ही वेगळी गोष्ट झाली. 'गोव्यात तर चालतं' असं तो म्हणेल. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटींवरचे कॅसिनो गोव्याच्या कायद्याने, परवाना घेऊन चालतात. हर्णैतल्या मोबाइलवरच्या ॲपला त्याचा काही उपयोग नाही. आणि बोनसच्या अटींवरून भांडण झालंच, तर दाद मागायला अशा ॲपचं ना कार्यालय असतं, ना त्यावर नियामक.

आता करायची कामं. भावाला शेजारी बसवूनच करा, त्याच्या नकळत नको.

आधी स्क्रीनशॉट : शिल्लक, टर्नओव्हरचा टक्का, नियमांचं पान, टेलिग्रामवरचं सगळं बोलणं आणि एजंटचा यूपीआय आयडी. तो 'टॅक्स नको असेल तर खातं बंद करतो' म्हणून धमकावेल आणि नंतर चॅट पुसेल, म्हणून हे पहिलं. मग यूपीआय ॲपच्या हिस्टरीत जाऊन भरलेल्या प्रत्येक रकमेचा १२ आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), तारीख, वेळ आणि समोरचं नाव वहीत लिहा. बहुतेक दर वेळी वेगळं नाव निघेल. भाड्याने घेतलेल्या खात्यांवर पैसे घेण्याची त्यांची रीतच आहे. यातूनच आणखी एक धोका येतो. अशा खात्यातून भावाला कधी पैसे आले असतील आणि ते दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले निघाले, तर भावाचं खातंही गोठवलं जाऊ शकतं. मालकाची उचल आणि घरखर्च ज्या खात्यात येतो त्या खात्याचा या ॲपशी संबंध राहू देऊ नका.

मग १९३० ला फोन करा. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. शेवटचं पेमेंट जितकं ताजं, तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त, म्हणून उद्यावर टाकू नका. तक्रारीचा क्रमांक घेऊन बँकेच्या शाखेत जा आणि लेखी अर्जाची पोच घ्या. दापोली पोलीस ठाण्यातही तक्रार देता येईल. तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. १०,००० परत येतीलच असं नाही. पण पुढचे ६,२८० आणि त्याच्या पुढचे वाचवणं पूर्ण तुमच्या हातात आहे.

ॲप प्ले स्टोअरवरून न घेता लिंकवरून उतरवलेलं असेल तर काढून टाकण्याआधी सेटिंगमध्ये त्याला कोणकोणत्या परवानग्या दिल्यात ते पाहा. एसएमएस वाचायची परवानगी असेल तर ओटीपीही त्यांना दिसत होते असं समजा. परवानगी काढा, ॲप काढा, यूपीआय पिन बदला, ऑटोपेच्या यादीत अनोळखी नाव असेल तर रद्द करा. आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि त्याच्या नावावर भलतंच कर्ज उचललं गेलंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये तपासा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. थोड्या दिवसांनी 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो' म्हणणारा कुणी फोन करेल. त्यालाही एक रुपया देऊ नका.

भावाशी बोलताना त्याने फसवून घेतलं असं म्हणू नका. हे नियम चांगल्या शिकलेल्या माणसालाही चकवतील अशाच बेताने लिहिलेले असतात. त्याला एवढंच विचारा : आणखी कुणाचे पैसे आहेत का यात? हातउसने, आईचं काही गहाण, एखादं कर्जाचं ॲप? आकडा एकदाच, पूर्ण बाहेर येऊ दे. झोप उडाली असेल, चिडचिड होत असेल, थांबवायचं ठरवूनही थांबत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालेल. उचलीतले दहा हजार कमी झालेत हे मालकाला हंगामाआधीच सांगितलेलं बरं. कमाईच्या वाटणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आता हप्ते ठरवून घेणं सोपं जाईल.

३१ जुलैला मासेमारीची बंदी उठायच्या आत आणखी एक काम उरकून घ्या. टेलिग्रामचे ते सगळे ग्रुप सोडायला लावा, एजंटचे नंबर ब्लॉक करा आणि जाहिरातीचे एसएमएस येऊ नयेत म्हणून १९०९ वर नोंद करा. बोट चार दिवसांनी परत येते तेव्हा सुवर्णदुर्ग दिसू लागताच मोबाइलला रेंज येते आणि साठलेले मेसेज एकदम वाजतात. त्यांत 'परत या, ५० टक्के रीलोड' हा मेसेज नसावा. त्या वेळी त्याच्या खिशात ताजी वाटणी येणार असते.